वॅटचा ठळक आकडा आणि लेबलवरची बारीक अक्षरं

नवा कॉम्प्युटर जुळवायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा जिल्ह्याच्या गावातल्या एखाद्या दुकानात गेलं की हातात कोटेशन पडतं. त्यात प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल असतं, मदरबोर्डचं असतं, रॅमचा वेगसुद्धा लिहिलेला असतो. एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, ओळीत मात्र अनेकदा एवढंच असतं: ‘४५० वॅट, कॅबिनेटसोबत’. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, वॉरंटी किती तेही नाही. बजेट ताणलं की पहिली कात्री याच ओळीला लागते, कारण इथे पैसे वाढवून गेम जास्त वेगाने चालत नाही आणि स्क्रीनवर काही फरक दिसत नाही.

हे बदलायला हवं. कॅबिनेटमधला प्रत्येक भाग याच डब्यातून आलेल्या विजेवर चालतो. तीस-चाळीस हजारांचं ग्राफिक्स कार्ड वाचणार की जळणार, हे अडचणीच्या क्षणी हाच डबा ठरवतो. घरात आग लागू नये, कॅबिनेटला हात लावणाऱ्याला झटका बसू नये, ही जबाबदारीही बरीचशी त्याचीच. त्यामुळे वॅटचा ठळक आकडा हा निवडीतला शेवटचा टप्पा धरावा. सुरुवात लेबलवरच्या बारीक अक्षरांपासून आणि आपल्याकडे तरी भिंतीतल्या सॉकेटपासून करावी लागते.

स्विच मोड पॉवर सप्लायचं (एसएमपीएस) तंत्र घरगुती कॉम्प्युटरमध्ये आलं ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी. १९७७ च्या ॲपल टूसाठी रॉड होल्ट यांनी असा सप्लाय तयार केला, आणि जड ट्रान्सफॉर्मर व पंखा दोन्ही टळले. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीचा सप्लाय अवघा ६३.५ वॅटचा होता. आज मध्यम दर्जाच्या एकट्या ग्राफिक्स कार्डाला त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज लागते. आतली रीत मात्र मूळचीच आहे. भिंतीतून आलेली २३० व्होल्टची एसी वीज आधी डीसी होते. चांगल्या सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचा भाग तिचा दाब चढवून ३८० ते ४०० व्होल्टच्या आसपास नेतो आणि ती एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवली जाते. मग ट्रान्झिस्टर ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, छोटासा ट्रान्सफॉर्मर तिला खाली उतरवतो आणि बाहेर १२, ५ आणि ३.३ व्होल्ट मिळतात. म्हणजे एकाच छोट्या डब्यात ४०० व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांच्यात काही मिलिमीटरचंच अंतर राहतं. हलका सप्लाय बनवणारे पैसे वाचवतात ते नेमके या अंतरात, इनपुटच्या फिल्टरमध्ये आणि कपॅसिटरच्या दर्जात. मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला राहू शकतो, म्हणून ज्याला या कामाचं शिक्षण नाही त्याने सप्लायचं झाकण कधीही उघडू नये.

एटीएक्स हे मापांचं आणि जोडण्यांचं प्रमाण इंटेलने १९९५ मध्ये आणलं. तेव्हाचे प्रोसेसर ५ आणि ३.३ व्होल्टच्या ओळींवरून वीज घेत. पेंटियम ४ च्या काळात हा भार १२ व्होल्टवर सरकला, त्यासाठी चार पिनांचा वेगळा चौकोनी कनेक्टर आला, आणि पुढे मुख्य कनेक्टर वीसवरून चोवीस पिनांचा झाला. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे वीज खाणारे दोन्ही मोठे भाग, जवळजवळ पूर्णपणे १२ व्होल्टवर चालतात. लेबल वाचताना नजर आधी तिथे जायला हवी.

हिशेब शाळेतलाच आहे: व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. खऱ्या ४५० वॅटच्या सप्लायवर १२ व्होल्टच्या रकान्यात ३६-३७ अँपिअर दिसतात. १२ गुणिले ३७ म्हणजे ४४४ वॅट, म्हणजे जवळजवळ सगळी क्षमता तिथेच आहे. कॅबिनेटसोबत येणाऱ्या बिननावाच्या डब्यावरही ‘४५०’ तेवढंच ठळक छापलेलं असतं, पण रकान्यात कधी १४, कधी १६ अँपिअर लिहिलेले आढळतात. १६ अँपिअर म्हणजे १९२ वॅट. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत दाखवून बेरीज पुरी केलेली असते, आणि आजच्या मशीनला त्यांचा फारसा उपयोग नाही. काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्यांची सरळ बेरीज करायची नसते. दोन्ही मिळून जास्तीत जास्त किती वॅट, तो आकडा खाली वेगळा दिलेला असतो आणि तोच खरा धरायचा. जिथे हा आकडाच छापलेला नाही, तो सप्लाय घरी आणू नये.

त्याच लेबलवर इनपुटची ओळ असते. ‘१००-२४० व्होल्ट’ असं लिहिलेलं असेल तर सप्लाय कमी दाबालाही आपोआप जुळवून घेतो. गावाकडे संध्याकाळी दाब १८० वर उतरला तरी अशा मशीनला वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. जुन्या किंवा अगदी स्वस्त डब्यांच्या मागे अजूनही ११५-२३० असं लाल सरकबटण दिसतं. ते चुकून ११५ वर राहिलं आणि प्लग आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये गेला तर आतले भाग त्याच क्षणी फुटतात. असा सप्लाय घरात असेल तर बटण २३० वर आहे ना हे पाहून त्यावर चिकटपट्टी लावून टाकावी.

मग वॅट किती घ्यायचे? ऑफिसच्या कामासाठी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला खऱ्या अर्थाने ४०० वॅटही खूप झाले. इंटेलचा आय५-१२४०० जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो, आणि बाकीचं सगळं धरून असं मशीन सहसा २०० च्या आतच राहतं. त्यात आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड टाकलं तर ११५ वॅट वाढतात, एकूण तीनशेच्या आसपास. ते बनवणारी एनव्हिडिया त्यासाठी ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. आरटीएक्स ४०७० सुपर २२० वॅटचं आहे, शिफारस ६५० ची. दुसऱ्या टोकाला २५३ वॅटचा आय९-१४९००के आणि ४५० वॅटचं आरटीएक्स ४०९० एकत्र आले तर ७०० वॅट फक्त या दोघांचे झाले. २०२५ च्या सुरुवातीला आलेलं आरटीएक्स ५०९० एकटंच ५७५ वॅट मागतं आणि कंपनी त्यासाठी १००० वॅट सांगते.

या शिफारशी सैल हाताने केलेल्या असतात, कारण ग्राहकाकडे कोणता सप्लाय आहे हे कार्ड बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक नसतं. त्यामुळे दर्जेदार सप्लाय घेणाऱ्याने शिफारशीइतकाच आकडा घ्यावा, वर आणखी दोनशे-तीनशे वॅट चढवण्याची गरज नाही. ते पैसे त्याच वॅटच्या वरच्या दर्जात घालणं जास्त शहाणपणाचं. मात्र सरासरी भाराच्या जेमतेम वर सप्लाय घेणंही चालत नाही, आणि त्याचं कारण २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आल्यावर घराघरांत कळलं. ही कार्डं सरासरी ३२०-३५० वॅट घेत, पण सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती मागणी याच्या खूप वर उसळी मारायची. मशीन ऐन गेममध्ये बंद पडायचं, आणि दोष कार्डावर, विंडोजवर, रॅमवर ढकलला जायचा. प्रत्यक्षात सप्लायचं संरक्षण ती उसळी पाहून डबा बंद करत होतं. २०२२ च्या एटीएक्स ३.० प्रमाणाने याची दखल घेतली: नव्या सोळा पिनांच्या कनेक्टरच्या (त्याबद्दल पुढे) मोठ्या सप्लायने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंदांपर्यंत सोसला पाहिजे, अशी अट आली. पुढच्याच वर्षी ३.१ आलं. आज मोठं ग्राफिक्स कार्ड लावणाऱ्याने डब्यावर यांपैकी एक नाव पाहून घ्यावं.

खोक्यावरचा दुसरा ठळक शिक्का म्हणजे ८० प्लस. २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही योजना सांगते ते एवढंच: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के कॉम्प्युटरपर्यंत पोचते. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्रॉन्झ ८५ टक्के, गोल्ड ९०, टायटॅनियम ९४. चाचणी २३ अंश तापमानात होते, म्हणजे मराठवाड्यातल्या उन्हाळ्याशी तिचा काही संबंध नाही. आपल्या २३० व्होल्टवर हेच सप्लाय थोडे जास्त कार्यक्षम चालतात ही जमेची बाजू. बिलात फरक किती पडतो? मशीन रोज सहा तास ३०० वॅट खात असेल तर ब्रॉन्झ भिंतीतून सुमारे ३५३ वॅट घेईल, गोल्ड ३३३. वर्षाला ४३ युनिट वाचले. युनिटमागे दहा रुपये धरले तर चारशे तीस रुपये. ऑफिसच्या मशीनला याच्या निम्मेही वाचणार नाहीत. गोल्ड घ्यायचं खरं कारण वेगळं आहे: त्या किमतीच्या सप्लायमध्ये सहसा कपॅसिटर आणि रचना बऱ्या असतात, आणि कमी उष्णता म्हणजे पंखाही शांत. सायप्रसमधली सायबेनेटिक्स ही प्रयोगशाळा कार्यक्षमतेबरोबर आवाजाचीही वेगळी श्रेणी देते आणि सप्लायचे चाचणी अहवाल लोकांसाठी खुले ठेवते. खरेदीआधी त्या मॉडेलचा अहवाल पाच मिनिटं चाळणं हे खोक्यावरचे सगळे शिक्के वाचण्यापेक्षा उपयोगाचं आहे.

शिक्क्यावर विसंबू नये याचा धडा २०२१ मध्ये जगाला मिळाला. ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा होता, आणि अमेरिकेतलं न्यूएग हे ऑनलाइन दुकान कार्ड हवं असेल तर सोबत आणखी काही घ्या अशा जोड्या लावून विकत होतं. त्यात गिगाबाइट कंपनीचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे सप्लाय होते. दोन्ही ८० प्लस गोल्ड. तक्रारी वाढल्यावर गेमर्स नेक्सस या चाचणी करणाऱ्या अमेरिकन चमूने अनेक नमुने मिळवून तपासले आणि त्यांतले कित्येक ठिणग्या उडवत, आवाज करत गेले. अतिभार झाला की सप्लायने स्वतःहून बंद पडायला हवं; इथे ते बंद होण्याचा उंबरठाच फार वर ठेवला होता. गिगाबाइटने ऑगस्ट २०२१ च्या निवेदनात सांगितलं की उंबरठा १२० ते १५० टक्क्यांवरून ११० ते १२० टक्क्यांवर आणला आहे, आणि ठरावीक अनुक्रमांकांचे सप्लाय बदलून देण्याची तयारी दाखवली.

या प्रकरणातून कळतं की सप्लायची खरी किंमत त्याच्या संरक्षणांत असते. अतिभार, शॉर्ट सर्किट, एखाद्या ओळीवर जास्त प्रवाह, व्होल्टेज मर्यादेबाहेर जाणं आणि अतितापमान, या सगळ्यांवर तो स्वतःहून बंद व्हायला हवा. यातलं अतितापमानाचं संरक्षण स्वस्त मॉडेलमध्ये अनेकदा गाळलं जातं, आणि नेमकं तेच नागपूर, चंद्रपूर, जळगावसारख्या ठिकाणी सगळ्यात गरजेचं आहे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीतल्या कॅबिनेटच्या आत तापमान त्याहून वर जातं. चांगला निर्माता आपला वॅटचा आकडा ४० किंवा ५० अंशांवर मोजलेला आहे असं स्पष्ट लिहितो. जो काहीच लिहीत नाही त्याचा आकडा गार हवेतला समजावा. आतले कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत की ८५ चे, हेही निर्माता अभिमानाने सांगतो किंवा गप्प राहतो. तापमानाच्या दर दहा अंश वाढीला कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. कोकणात आणि गोव्यात प्रश्न दमटपणाचा. २०२० मध्ये कॉर्सेअर या कंपनीने आपल्या एसएफ मालिकेतल्या काही सप्लायबाबत स्वतःहून कळवलं की जास्त उष्णता आणि जास्त दमटपणा एकत्र आले तर ते निकामी होऊ शकतात, आणि ते बदलून दिले. चांगल्या कंपनीच्या चांगल्या मालिकेलाही हवामानाची झळ लागते, तिथे खाली कापडाचा बोळा अडकलेला आणि धुळीने पंखा बुजलेला स्वस्त डबा किती टिकणार?

सरकारी नोंदणीचाही आधार घ्यावा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी २०१२ च्या आदेशाने सुरू झाली. डब्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) चिन्ह आणि त्यासोबत ‘आर-’ने सुरू होणारा क्रमांक शोधावा. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की निर्माता कोण आणि नोंदणी कोणत्या वस्तूची ते कळतं. मात्र ही नोंदणी सुरक्षिततेपुरती आहे, १२ व्होल्टची ओळ किती स्थिर आहे हे ती सांगत नाही. ते काम वॉरंटी जास्त प्रामाणिकपणे करते. ज्या सप्लायला निर्माता स्वतः सात किंवा दहा वर्षं देतो, त्यात त्याने कपॅसिटर विचार करूनच टाकलेले असतात. जवळच्या शहरात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, हेही विचारून घ्यावं.

आता भिंतीकडे वळू, कारण आपल्याकडचे निम्मे घोटाळे तिथे सुरू होतात. अनेक घरांतला अनुभव असा: कॅबिनेटच्या पत्र्याला, विशेषतः पावसाळ्यात अनवाणी असताना, हात लागला की मुंग्या येतात. टेस्टर लावला तर दिवा लागतो. सप्लाय खराब आहे असं समजून तो बदलला जातो, आणि नव्यालाही तेच होतं. कारण असं की सप्लायच्या इनपुटवरच्या फिल्टरमध्ये फेज आणि अर्थ, तसंच न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग जागेवर असेल तर त्यांतून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचा पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगतो. प्रवाह इतका थोडा की सहसा इजा होत नाही, पण हाच पत्रा सांगतोय की उद्या आत खरा बिघाड झाला तर विजेला जमिनीत जायला वाटच नाही.

यावर काही वायरमन एक घातक उपाय करतात: सॉकेटच्या आतच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. मुंग्या थांबतात, घरचे समाधानी होतात. पण कधी न्यूट्रलची वायर तुटली की कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. हे करू देऊ नये. तपासणी अवघड नाही. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळपास, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवेत. हे कळणाऱ्या माणसाकडून करून घ्यावं, आणि आकडे बरोबर आले तरी अर्थिंगचा खड्डा जिवंत आहे का, सॉकेटमध्ये अर्थ-न्यूट्रलचा तो खोटा जोड नाही ना, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्यावं. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवणं हा माणसाच्या जिवासाठी सगळ्यात चांगला खर्च. पॉवर कॉर्डही सप्लायसोबत आलेली किंवा आयएसआय चिन्हाची असावी. बाजारात तीन पिनांच्या अशाही कॉर्ड मिळतात ज्यांत अर्थची वायर आतून जोडलेलीच नसते.

न्यूट्रल तुटण्याचा दुसरा धोका तीन फेजच्या इमारतींत असतो. सोसायटीचा मुख्य न्यूट्रल ढिला झाला की काही फ्लॅटांत दाब तीनशेच्या वर, कधी चारशेच्या जवळ जातो. अशा वेळी एमसीबी पडत नाही आणि घरातल्या कित्येक वस्तू एकदम जातात. १००-२४० लिहिलेला सप्लायही, जो फार तर २६४ व्होल्ट सोसतो, यापुढे टिकत नाही. त्यासाठी घराच्या बोर्डातच जास्त दाबाला वीज तोडणारं उपकरण हवं.

यूपीएस आणि इन्व्हर्टर ही सप्लायच्या निवडीतलीच गोष्ट आहे, पण ती सहसा नंतर सुचते. वीज गेल्याच्या क्षणापासून सप्लाय आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काही मिलिसेकंद मशीन चालू ठेवतो. पूर्वीच्या एटीएक्स मार्गदर्शिकेत हा वेळ किमान १७ मिलिसेकंद होता, ३.१ मध्ये पूर्ण भारावर १२ पर्यंत खाली आला. घरगुती यूपीएस साधारण ४ ते १० मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो, त्यामुळे जोडी जमते. पण महाराष्ट्रात अनेक घरांत कॉम्प्युटर थेट इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असं बटण असतं. ते यूपीएसवर नसेल तर बॅटरीवर जायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो आणि लोडशेडिंग सुरू होताना मशीन रीस्टार्ट होतं. ग्राहक तक्रार घेऊन एसएमपीएसच्या दुकानात जातो, आणि उपाय असतो ते एक बटण. दुसरी गोष्ट लाटेची. चौकोनी लाट देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर ॲक्टिव्ह पीएफसीचे काही सप्लाय गुरगुरतात किंवा बंद पडतात. नवा इन्व्हर्टर घ्यायचा असेल तर शुद्ध साइन वेव्हचाच घ्यावा. यूपीएसवरचा व्हीए म्हणजे वॅट नव्हे; ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस ३६० वॅटच्या आसपासचा असतो, आणि गेमिंगच्या मोठ्या मशीनला तो पुरत नाही.

मॉडेल ठरल्यावर राहतो प्रश्न जोडण्यांचा, आणि इथल्या चुका क्षणात महाग पडतात. सगळ्यात मोठी चूक मॉड्युलर केबलची. काढता-घालता येणाऱ्या या केबलच्या कॉम्प्युटरकडच्या टोकाला प्रमाण आहे. सप्लायकडच्या टोकाला नाही. कंपनीकंपनीत, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांत, पिनांचा क्रम वेगळा असतो. जुन्या सप्लायची केबल नव्याला बसते, मशीन सुरू केलं की ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि हार्ड डिस्कवरचे वर्षांचे फोटो एका सेकंदात संपतात. सप्लाय बदलला की त्याच्यासोबतच्या सगळ्या केबल बदलायच्या, यात तडजोड नाही. प्रोसेसरचा आठ पिनांचा आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला सारखे असले तरी त्यांतली धन आणि ऋण बाजू उलट असते. पिनांचे आकार वेगळे केलेत ते म्हणूनच. जोर लावून बसवावं लागतंय म्हणजे थांबायची वेळ आहे.

ॲडॅप्टरचंही तसंच. साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) एका कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या पिना मिळून साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट वाहून नेऊ शकतात. तिथून ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर काढणारे ॲडॅप्टर ऑनलाइन शंभर-दोनशे रुपयांत मिळतात, आणि त्या कनेक्टरवर कार्ड १५० वॅट मागू शकतं. प्लास्टिक वितळायला याहून जास्त काही लागत नाही.

नव्या सोळा पिनांच्या कनेक्टरची कथा गेल्या काही वर्षांत सगळ्यात गाजली. १२ व्हीएचपीडब्ल्यूआर हा कनेक्टर ६०० वॅटपर्यंत वीज नेतो, म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटून प्रत्येकी आठ-साडेआठ. जुन्या आठ पिनांत हाच आकडा चारच्या आसपास होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आलं आणि काही आठवड्यांतच वितळलेल्या कनेक्टरचे फोटो फिरू लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने सांगितलं की सुमारे ५० प्रकरणं आढळली आणि प्लग पूर्ण आत न बसणं हे मुख्य कारण दिसतं. २०२३ मध्ये १२ व्ही-२ बाय ६ ही सुधारित रचना आली. त्यात संवेदक पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्डाला पूर्ण वीज मिळतच नाही. केबल बनवणाऱ्या केबलमॉड कंपनीने आपले कोनात वळणारे ॲडॅप्टर परत मागवले. फेब्रुवारी २०२४ च्या अमेरिकेतल्या नोटिशीत अशी सुमारे २५,३०० ॲडॅप्टर होती. तरीही आरटीएक्स ५०९० आल्यावर २०२५ मध्ये पुन्हा वितळण्याची उदाहरणं समोर आली, या वेळी काही वायरींतून इतरांपेक्षा खूप जास्त प्रवाह जात असल्याच्या मोजमापांसकट. एवढ्या थोड्या जागेतून एवढी वीज नेणारी रचना घरगुती ग्राहकाच्या हातात देणं, हे धोक्याच्या फार जवळचं आहे. ज्याला असं कार्ड घ्यायचंच आहे त्याने सप्लायसोबत आलेली मूळ केबल वापरावी, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत ती सरळ आत दाबावी, आणि कनेक्टरपासून तीन-साडेतीन सेंटिमीटर ती वाकवू नये. कॅबिनेटची बाजू केबलवर दाबत असेल तर कॅबिनेट बदलावं.

शेवटी त्या मोठ्या ग्राहकवर्गाचं, ज्याला वरचा सल्ला जसाच्या तसा लागूच पडत नाही. कॉलेजातली मुलं ऑफिसांतून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर रीफर्बिश्ड म्हणून स्वस्तात घेतात आणि मग त्यात गेमसाठी कार्ड टाकायचं ठरवतात. या मशीनमध्ये बऱ्याचदा नेहमीचा चोवीस पिनांचा कनेक्टर नसतो; मदरबोर्ड थेट १२ व्होल्टवर चालतो आणि त्याचे सहा, आठ किंवा दहा पिनांचे कनेक्टर कंपनीगणिक वेगळे. नव्वदच्या दशकाअखेरच्या काही डेल मशीनमध्ये तर कनेक्टर दिसायला हुबेहूब एटीएक्स, पण पिनांचा क्रम वेगळा होता, आणि साधा सप्लाय जोडताच बोर्ड जायचा. आजच्या मशीनसाठी रूपांतर करणाऱ्या केबल मिळतात, पण छोट्या आकाराच्या मॉडेलमध्ये एटीएक्सचा १५० मिलिमीटर रुंद डबा मावतच नाही, आणि आतला मूळ सप्लाय बहुधा १८० ते २०० वॅटचा असतो.

अशा मशीनसाठी सप्लाय शोधण्याआधी कार्ड बदलून विचार करावा. मदरबोर्डची पीसीआय एक्स्प्रेस खाच स्वतःच कार्डाला ७५ वॅटपर्यंत देऊ शकते. आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीची आवृत्ती ७० वॅटवर चालते, बहुतेक मॉडेलना वेगळी केबल लागत नाही, आणि बुटक्या कॅबिनेटमध्ये मावणारी तिची अर्ध्या उंचीची मॉडेलं मिळतात. घेण्याआधी मूळ सप्लायच्या लेबलवर १२ व्होल्टचे अँपिअर पाहावेत, त्यातून प्रोसेसरची कमाल मागणी वजा करावी आणि उरलेल्यात कार्ड बसतं का ते बघावं. आय५ च्या साठ-पासष्ट वॅटच्या मॉडेलसोबत ते सहसा बसतं. तेवढ्या वीजमर्यादेत चांगलं मशीन उभं राहतं, आणि कंपनीने त्या बोर्डासाठी बनवलेला सप्लाय जागचा हलवावा लागत नाही.